नखाएवढं

सोलापूरला खग्रास नव्हतं.
खग्रास रायचूरला होतं, गाडीनं काही तासांवर,
आणि आमच्या वाट्याला
कापून टाकलेल्या नखाएवढा सूर्य उरणार होता.

राजेशमदादा म्हणून तर गेला,
आदल्या रात्रीच्या पॅसेंजरनं,
वेल्डिंगची काच रुमालात गुंडाळून,
मुकादमाला पोट दुखतंय सांगून.
बायको सहाव्या महिन्यात, आणि हा ग्रहण बघायला!
आई तेलुगूत जे बोलली
ते मराठीत आणण्यासारखं नाही.

ऐंशी साल. माघातली अमावास्या, शनिवार.
दुपारी भद्रावती पेठेतले माग थांबले.
लाईट गेली नव्हती, संपही नव्हता,
माणसंच आली नाहीत.
आईनं घागरीत, डाळीत, लोणच्याच्या बरणीतसुद्धा
दर्भाची काडी टाकली.
भिजत घातलेल्या तेंदूच्या पानांत टाकायची की नाही,
हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

बालामणीवहिनीच्या हातातली कात्री काढून घेतली.
चिरायचं नाही, कापायचं नाही, काही दुमडायचं नाही,
पोराचा ओठ फाटतो.
तिला आतल्या खोलीत उताणी निजवलं
आणि राखणीला मी, अकरा वर्षांची.

आधी ऊन पातळ झालं,
ताकात कुणी गुपचूप पाणी ओतत राहावं तसं.
मग दारातल्या दोरीवर वाळणाऱ्या चादरीची सावली
इतकी रेखीव झाली
की तिच्या दशा एकेक मोजता याव्यात.
मी सतरापर्यंत मोजल्या.
कावळे बाभळीकडे निघाले,
अर्ध्या वाटेवर थबकले, परत फिरले.
त्यांनाही ते नख दिसलं असावं.

खोलीला पश्चिमेकडं झरोका होता.
चिमण्या येतात म्हणून दादानं त्यावर
जकार्डचे जुने पत्ते शिवून लावले होते.
मोराच्या नक्षीचे, भोकाभोकांचे.
रोज दुपारी त्यातून गोल कवडसे उतरायचे
आणि सरकत सरकत भिंतीवर चढायचे.
त्या दिवशी ते वाकले.
दीडशे-दोनशे बारीक विळे,
सगळ्यांची टोकं एकाच बाजूला,
वहिनीच्या लुगड्यावर, पोटाच्या गोलाईवर
थरथरत बसले.

मी गोधडी घेऊन धावले.
तिनं माझं मनगट धरलं.
राहू दे, म्हणाली.
मग दुसरा हात हळूच मध्ये घातला
आणि विळे तिच्या बोटांवर चढू दिले,
बांगडीवर, पुन्हा पोटावर.
आत काहीतरी हललं.
लुगड्यासकट ते सगळे विळे
एकदा वर झाले, खाली आले.
आम्ही दोघीही श्वास घ्यायला विसरलो होतो,
किंवा मी तरी.

बाहेर 'दे दान, सुटे गिराण' सुरू झालं
तेव्हा ते फुगून पुन्हा पैशाएवढे होत होते.

दादा सकाळी आला. तोंडावर इंजिनाची काजळी.
काय बघितलंस बे? गल्लीतली पोरं.
तो ओट्यावर बसला. बराच वेळ चप्पल काढत राहिला.
म्हणाला, लाईट जाते ना,
आणि सगळे माग एकदम थांबतात,
तेव्हा कळतं बघ, इतका वेळ कानात केवढा आवाज होता.
तसं.
उजेडाचा आवाज बंद झाला.
मग म्हणाला, शेजारी एक हमाल होता, ओळख ना पाळख,
मी त्याचा हात धरला होता.
कधी धरला ते आठवत नाही.
एवढंच बोलला आणि पाणी मागितलं.

वहिनी सुपापुढं बसून विड्या वळत होती,
अंगठ्याच्या नखानं एकेकीचं तोंड मिटत.
अन् इथं? त्यानं विचारलं.
इथं काय, ती म्हणाली. नखाएवढं.

त्या दुपारी मी झरोक्याखाली हात धरून बघितला.
सगळे गोल होते.
मी हात मागे घेतला.

पोरगी मे महिन्यात झाली, रणरणत्या दुपारी.
ओठ नीट.
बोटं आईनं मोजली, दहा.
पुन्हा मोजली, दहा.
तिसऱ्यांदा मोजायला लागली
तेव्हा पोरीनं मूठ मिटून घेतली.