चोपन्न किलो

मडगावच्या मशीनवर दोनदा चढवून आणली पद्मिनी,
दोनदा कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे,
आणि दोनदा राय ओलांडायच्या आत
ती डावीकडे ओढू लागली,
गोठ्याचा वास आलेल्या म्हशीसारखी.
सहा महिने मी स्टिअरिंग उजवीकडे धरून चालवलं.
उजवा खांदा रात्री दुखायचा.
वय झालं म्हणत होते. माझं की तिचं, ते ठरत नव्हतं.

शिरोड्याला रुझार मेस्ताचं गॅरेज
म्हणजे चार माडांमधला कोबा.
त्यानं कागद घेतला, ग्रीसचे हात पुसले त्याला,
आणि उजव्या टायरवर तळहात फिरवला,
आतून बाहेर, मग बाहेरून आत.
आतली कड गुळगुळीत. बाहेरची नवी कोरी.
जॅक लावला. चाक वरखाली धरून हलवलं.
खट्.
खालच्या आर्मचा बुश बोटानं उकरला,
रबर चहापावडरीसारखं गळून पडलं.
"हालपी दांताचें माप कोण घेता गो बाय?"

बुश फोंड्याहून यायला आठ दिवस.
नवव्या दिवशी त्यानं चार बाजूंना चार खुंट्या ठोकल्या,
चाकांच्या मध्याच्या उंचीवर मासळीची दोरी ताणली,
पट्टी घेऊन मोजत बसला,
एका डोळ्यानं, दुसरा मिटून,
आणि मोजता मोजता थांबला.
मागे गेला. गाडीकडं दुरून बघितलं.
"ही उजवीकडे बसल्या."

स्प्रिंगा काढून बाकावर उभ्या केल्या.
उजवी अंगठाभर बुटकी.
"कोण चालयतालो?"
भाई. गुरांचे डॉक्टर.
शहाण्णव किलो, आणि शेजारची सीट कायम रिकामी,
कारण आईला गाडी लागायची.
बोरी, बेतोडे, निरंकाल, पंचवाडी,
जिथं गाय अडली तिथं,
सत्तावीस वर्षं
एकाच बाजूला.
रुझारनं मान हलवली. दुःखानं नव्हे,
हिशेब जुळला म्हणून.

नव्या स्प्रिंगा जोडीनंच घालतात, म्हणाला.
घातल्या. मग ड्रायव्हरच्या सीटवर
गोणपाट अंथरून तीन चिरे ठेवले,
आणि माझ्याकडं वळला:
"तुजें वजन कितलें?"
गॅरेजमधली दोन पोरं पाना थांबवून ऐकू लागली.
चोपन्न, म्हटलं.
त्यानं वरचा चिरा उचलला
आणि माडाच्या बुंध्याशी ठेवला.
लाल भुगा तेवढा सीटवर राहिला.

मग पत्र्याच्या चकत्या. एक काढ, दोन घाल.
रॉडचा नट पाव फेरा, पुन्हा दोरी,
पुन्हा पट्टी, पुन्हा शिवी.
शेवटी डाव्या बाजूला त्यानं एक जादा चकती सरकवली.
ही कशाला?
त्यानं तांब्याभर पाणी कोब्यावर ओतलं.
ते गटाराकडं गेलं.
"रस्तोय असोच. गाडीक ते कळूंक जाय."
बिल त्यानं सिगारेटच्या पाकिटावर केलं,
चिऱ्यांचे पैसे लावले नाहीत, असं मुद्दाम सांगितलं.

चाचणीला बोरी पुलापर्यंत.
तो शेजारी बसला, पाय आखडून,
त्या सीटवर इतकी वर्षं कुणी बसलंच नव्हतं
म्हणून ती मागे सरकेना.
गाडी अशी चालली की आवाज बंद झाल्यासारखं वाटलं.
आणि मी, सरळ रस्त्यावर,
हळूहळू, मनापासून,
उजवीकडं निघाले.
समोरून कदंब. हॉर्न. चालकाचा हात खिडकीबाहेर.
रुझारनं दोन बोटांनी स्टिअरिंग जागेवर आणलं
आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"गाडी जाली.
आतां तूं."

जुनी उजवी स्प्रिंग मी भंगारात दिली नाही.
डिकीत आहे.
वळणावर ती एका बाजूहून दुसरीकडं जाते,
भाई खोकायचे तसा आवाज करत.
सरळ रस्त्याला गप्प असते,
म्हणजे आता बहुतेक वेळ.