आवाज बदलला की थांब

ऐरोलीत खाडीकडून जो वारा येतो
त्याला पार्किंगमधलं सगळं माहीत असतं:
कोणती गाडी कधी हलली, कोणती नाही.
आमची दोन पावसाळे उभी होती.

चाक काढलं तेव्हा डिस्क दिसली,
जुन्या तव्यासारखी, तांबूस, पापुद्रे सुटलेली,
आणि हबला अशी चिकटलेली
की ती कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो
ते नखानं शोधावं लागलं.

बाबांची खुर्ची इंद्रजीतनं खाली आणून दिली.
मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आठवा दिवस.
वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत बसायचं नाही,
एकतीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला
डॉक्टरीणबाईंनी हे कागदावर लिहून दिलं होतं.
ते काळा चष्मा लावून धुळीत बसले.

"कॅलिपर लोंबकळत ठेवू नकोस."
ठेवला नव्हता. कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा घेऊन
आधीच वर टांगला होता.
"नळीवर ओझं येतं."
माहितीय, बाबा.

दोन स्क्रू. एक सुटला.
दुसऱ्याचं तोंड गेलं, पाना नुसताच फिरायला लागला.
ड्रिलनं त्याचं डोकं उडवलं.
"रेडीजांच्या घरात ड्रिल शेवटी काढतात."
रेडीजांच्या घरात आता हत्यार धरणारी मीच आहे,
असं म्हणणार होते. तेल मारलं.

तेलाला घाई कळत नाही.
तेवढ्यात कुंभोजकर जिन्यात येऊन उभे राहिले:
रविवारी दोन ते चार ठोकाठोक नाही, ठराव आहे.
पावणेदोन झाले होते.

हातोडा. बोल्टांच्या मधल्या जागेत,
डिस्क फिरवत फिरवत, एकाच ठिकाणी नाही.
टण्. टण्. टण्.
बाबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं
आणि कान माझ्याकडे.
"अजून दोघं एकच बोलतायत," म्हणाले.
"सुटली की आवाज बसतो. आवाज बदलला की थांब.
त्यापुढचा घाव नुसती हौस."

डिस्कला दोन भोकं असतात,
आटे पाडलेली, रिकामी.
ओतणाऱ्याला माहीत असणार, ही एक दिवस अडकणार.
आठचे दोन बोल्ट त्यांत घातले,
अर्धा आटा इकडे, अर्धा आटा तिकडे,
पुन्हा हातोडा.
टण्. टण्.
टक्.

"थांब" असं ते म्हणेपर्यंत
मी थांबले होते.
हातात आली तेव्हा भलतीच जड,
आतून लाल पूड सांडली माझ्या चपलांवर.

उजव्या बाजूला सगळी तयारी मांडून ठेवली,
तेल, बोल्ट, ड्रिल, आवळलेला जबडा.
स्क्रू मुकाट्यानं फिरले.
डिस्कला नुसता हात लावला आणि ती
मांडणीवरच्या ताटासारखी निघून आली.
हबवर ग्रीसचा पातळ राखाडी थर,
त्यात बोटांच्या रेघा, रुंद.

मी बाबांकडे बघितलं.
"ती बाजू मी केली होती.
डावी नंतर गॅरेजात दिली."
थोड्या वेळानं, भिंतीलाच:
"तेव्हा नीट दिसेनासं झालं होतं. बोललो नाही कुणाला."

दोन वाजले. वर एक खिडकी जरा जोरात लागली.
मी डावा हब तारेच्या ब्रशनं घासत बसले,
घासण्याबद्दल ठरावात काही नाही.
मग ग्रीसचा डबा उघडून खुर्चीपर्यंत नेला.
वाकायचं नाही हां, म्हटलं.
त्यांनी न वाकता एक बोट बुडवलं,
किती घ्यायचं ते दाखवायला.

मला वाटलं होतं
त्याहून फारच थोडं.