उतरायचं कुठे

बसमधून उतरलो चारला.
उतरायचं कुठे, ते ठरलं नव्हतं.

स्टँडवर तामाले विकणारी क्रेसेन्सिया
बादलीवरचं फडकं सारत म्हणाली,
आधी सांग, तुला झोप कुठल्या आवाजात लागते?
बिनआवाजाची खोली या गावात नाही.

चौकातलं हॉटेल घे. बाल्कनी आहे, निळ्या फरश्या आहेत
आणि समोर चर्चची घंटा,
दर पाव तासाला वाजते, तीही दहा मिनिटं पुढे,
घड्याळाला किल्ली देणारा फाउस्तिनो गेला तेव्हापासून.

हमरस्त्यावरच्या लॉजला पोहायचा तलाव आहे.
पाणी नाही. मालकाच्या टर्क्या फिरतात त्यात.
उसाचे ट्रक रात्रभर उताराला ब्रेक मारतात,
पलंग निजताना भिंतीशी असतो,
उठताना दाराशी.

नदीकडे एका कॅनडाच्या बाईंनी खोल्या काढल्यात.
भाडं डॉलरात.
बेडूक आमचेच.

त्याहून स्वस्त काही?

तिनं सुटे पैसे मोजले, पुन्हा मोजले.
बेकरीच्या वर एदुविहेसची खोली आहे.
भट्टी तीनला पेटते. आवाज कमी, वास फार.
बाकीचं जाऊन बघ.

खोली बघायची मी,
तर एदुविहेसनंच मला बघून घेतलं, चपलांपासून वर.
भिंतीला तीन खुंट्या.
दोहोंवर शर्ट, इस्त्री केलेले. ते हलवायचे नाहीत.
तिसरी तुझी.
भाडं ऐकून मला वाटलं माझ्या स्पॅनिशचाच घोटाळा,
इतकं कमी.
मग एक अट, आधी भरभर, मग खुणांनी,
मग लहान मुलाला सांगावी तशी:
रात्री दहाला मी खालून हाक मारीन.
ओ द्यायची.

कुणाला मारणार हाक, ते मी विचारलं नाही.

घंटेचे दहा झाले. तिचे व्हायचे होते.
ती दहा मिनिटं मी पलंगावर बसून काढली,
बूट न काढता,
परीक्षेच्या हॉलबाहेर बसावं तसा.

मग जिन्याच्या तळाशी, पिठाचा हात कठड्यावर ठेवून,
फिलेमोन!

माझं नाव ते नव्हे.
लांब एक ट्रक उतार उतरत होता.
त्याचं उतरून होईस्तोवर ती थांबली,
दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

ओ, मी म्हटलं.
मराठीतच निघालं तोंडातून.

खालचा दिवा गेला.
मी शर्ट काढून
तिसऱ्या खुंटीला अडकवला.