गळती

पाच हजार नऊशे नव्व्याण्णव, घरपोच.
सोबत पेटी, आतून लाल मखमल,
पांढऱ्या हातमोज्यांची जोडी,
बुचाला लावायचं वंगण, लिपस्टिकसारखं,
आणि एकच रीड, कोपऱ्यात टवका उडालेली.
मखमल उत्तम आहे, मी म्हणालो.
गांगुर्डे हसले नाहीत.

नाव निवृत्ती. जानेवारीत तेही झाले.
बत्तीस वर्षं नाशिकरोडला, नोट प्रेसमध्ये,
छापलेल्या तावांतला दोष हुडकायचं काम:
आकडा सरकला, शाई फिसकटली,
केसाएवढी रेघ जास्तीची आली,
की ताव बाजूला.
आता क्लॅरिनेट शिकायचंय.
का, ते मी गिऱ्हाइकाला विचारत नाही.
घरून म्हणतात, कुकर बरा,
तीन शिट्ट्यांत थांबतो तरी.

दहीपुलावर माझं दुकान, पाऊण माणसाचं.
खुंटीला बँडचा कोट, खांद्यावरची जर काळी पडलेली.
त्याच्याखाली बसून मी भाग जोडले.
वरचा खालच्यात शिरेना,
शिरला तो निघेना.
वरच्या भागाची भोकं झाकली, बूड तळव्याने दाबलं,
हवा ओढली.
चांगलं वाद्य जीभ धरून ठेवतं,
सोडताना पक् म्हणतं.
हे काहीच म्हणालं नाही.

चाव्या आरशासारख्या.
एक नखाने रेटली तर वाकली.
तांबट आळीतल्या रंगनाथने ती दाताखाली धरली,
थुंकला,
म्हणाला, ह्या धातूला आमच्यात नाव नाही.

पेटीवर छापलंय आबनूस. आहे प्लास्टिक.
प्लास्टिकबद्दल माझं भांडण नाही,
ते फुगत नाही, तडकत नाही,
सातपूरच्या वराती मी त्याच्यावर भर पावसात काढल्यात.
भांडण घाईशी.
गादी गरम लाखेवर टेकवायची,
सरळ बसली का, ते बघायला चार श्वास लागतात,
ते चार श्वास कुणीतरी त्या माणसाला दिले नाहीत.
पुढची, पुढची, पुढची.

गांगुर्डे इतका वेळ गप्प.
मग त्यांनी विचारलं, पैशांबद्दल नाही:
शेवटी हे बघितलं कुणी?
कुणीतरी हातात घेऊन बघितलं असेल ना?
आवाज असा, की जणू त्यांच्याच टेबलावरून
चुकीचा ताव बाहेर गेला होता.

मी सिगारेटच्या कागदाची पट्टी कापली.
गादीखाली सरकवायची, ओढायची.
अडली तर बसली,
सुळकन आली तर गळती.
माझ्या बोटांना हल्ली फरक कळत नाही,
हे मी बोललो नव्हतो, पण तिसऱ्या चावीला अडखळलो
आणि त्यांनी हात पुढे केला.

डोळे मिटले. पट्टी ओढली.
ही.
ही डाव्या कडेला.
ही बसते, पण उशिरा.
ही बरी.
बाहेर एक रिक्षा उलटी येता येता अडकली,
शिव्या, हॉर्न, कोणाची तरी भाजीची पिशवी सांडली,
त्यांचं बोट हललं नाही.
सतरापैकी अकरा.

दुरुस्ती तीन हजार दोनशे, मी सांगितलं,
त्यापेक्षा हे मुलांना खेळायला द्या,
माझ्याकडे जुनं आहे एक, ओठाजवळ झिजलेलं, पण खरं.
त्यांनी जुनं हातात घेतलं, तोलून पाहिलं,
परत ठेवलं.
लाख कुठे मिळते, त्यांनी विचारलं.

आठवडाभर दुपारी येत राहिले.
स्पिरिटचा दिवा, चिमटा, जळका वास.
माझा चहा त्यांच्या नावावर.
दोनदा बोट भाजलं, तेच बोट.
शनिवारी वाजलं,
म्हशीने नाकातून तक्रार करावी तसं,
पण एका दमात.

जाताना आखीव कागद विसरले काउंटरवर.
एक ते सतरा, सुबक अक्षर,
समोर पास, पास, फेरतपासणी, पास.
खाली अठरा:
फुंकणारा.
पुढची जागा कोरी.