गुरुवार, सात वीस

बातम्या द्यायची आमच्या केंद्राला परवानगी नाही.
समजावून सांगायला मात्र कुणाची बंदी नाही
हे रेणुका हलगेकरनं पहिल्याच दिवशी ताडलं,
आणि वीस मिनिटं मागून घेतली. युरोपसाठी.
व्यवस्थापक म्हणाले, युरोप? टिळकवाडीत?
ती म्हणाली, उद्यमबागेत तरी लागेलच की.

मी काचेच्या अलीकडे, आवाज वरखाली करणारा.
घरी कन्नड, तिच्याशी मराठी, मशीनला शिव्या.
भिंतींना अंड्यांचे ट्रे. पंखा बंद,
कारण पंखा बोलतो.
गोव्यापलीकडे न गेलेली ही पोरगी
ओढणीनं मान पुसत ब्रुसेल्सबद्दल बोलते,
जसं शेजारच्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं
ते सांगावं.

त्यांची संसद, ती सांगते, दर महिन्याला
पेट्या बांधून स्ट्रासबुर्गला जाते. चार दिवस.
परत पेट्या, परत ब्रुसेल्स.
अनगोळहून फोन आला:
म्हणजे आपल्यासारखंच, खरं आपल्याकडं वर्षातनं एकदा.
बेंगळूरहून येतात, रस्ते धुवून घेतात, जातात.
रेणुका हसली, पण तोंडावर हात ठेवून.
टेबलाला चिठ्ठी डकवली आहे,
'इथल्या सीमेविषयी काही बोलायचं नाही.'
ती बोलत नाहीच. ऐकणारे बोलतात.

परशराम अष्टेकर कामावरून थेट आले,
नखांत ओतकामाची काळी वाळू,
खिशात चार घड्यांचं पत्र.
जर्मन गिऱ्हाईक विचारतंय,
किलोभर लोखंडामागं धूर किती निघतो?
तिनं अख्खा गुरुवार त्या एका ओळीला दिला.
कर कुणावर, कागद कुणाचे, मोजणार कोण.
अष्टेकर शेवटी माइकजवळ वाकले,
'धुराला जकात, पोरी? धूर कुठं जातोय तिकडं?
तो हितंच ऱ्हातोय, माझ्या छातीत.'
पुनर्प्रसारणाआधी ते वाक्य कापा म्हणाले.
ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली
आणि मी कापलं नाही.

मग भाषांचा गुरुवार.
चोवीस भाषा, प्रत्येकीला काचेची खोली,
आत दुभाषे, कानांवर हेडफोन.
माल्टाची भाषा बोलणारी सगळी माणसं, ती म्हणाली,
आपल्या एका बेळगावात मावतील.
तरी तिला तिची खोली आहे.
एवढं बोलून ती थांबली. तीन सेकंद.
रेडिओवर तीन सेकंद म्हणजे
माणूस उठून दुसरं केंद्र लावतो.
कुणी लावलं नसावं. एक फोन कन्नडमधून आला,
तिनं कन्नडमधून उत्तर दिलं,
मग स्वतःचंच मराठी केलं,
आणि मला काचेतून दिसत होतं
एकाच खोलीत दोघीजणी बसलेल्या.

बार्ले नावाच्या गावाचं तिनं मागच्या महिन्यात सांगितलं.
सीमा घराघरांतून जाते.
स्वयंपाकघर बेल्जियम, पडवी नेदरलँड्स.
उंबरा ज्या देशात, घर त्या देशाचं.
म्हणे कुणीकुणी दार सरकवून देश बदलला.

फोन शिनोळीहून.
शिनोळी पलीकडच्या राज्यात,
आमचा आवाज तिथवर जातो हे कागदावर कुठं नाही.
म्हातारा, खरखरीत, बायकी आवाज:
'तसल्या घरात भांडण लागलं
तर पोलीस कुठला येतोय?'

रेणुकानं तिच्या वहीची पानं उलटली.
लाल शाई, निळी शाई, करांचे तक्ते,
कोण कुणाला निवडून देतो त्याचे बाण.
'माहीत नाही, काकी. विचारून सांगते.'

त्या रात्री तिनं बार्लेच्या नगरपालिकेला लिहिलं.
नाव, पत्ता, काकींचा प्रश्न जसाच्या तसा,
खाली बेळगावचा पिनकोड.
मी म्हटलं, पिनकोड कशाला?
म्हणाली, असू दे.

तीन गुरुवार झाले.
दर वेळी सात वीसच्या आधी फोन वाजतो.
'आलं काय?'
'नाही आलं, काकी.'
'येतंय बघ. लांबनं यायचं.'