पानामागे

माझं दुकान दवाखान्याच्या समोर, पण लिंबाच्या सावलीत नाही.
सावली शेजारच्या मेडिकलवर पडते.
माझ्या वाट्याला पत्रा, एक टेबल आणि मशीन.
सोलापूरचा मे. दोघंही तापतो आम्ही.
त्याला पंखा लागतो, म्हणून मलाही मिळतो.
पानामागे दोन रुपये, पाठपोट तीन.
पाटी लावलीय, कुणी भांडत नाही.

अंबूबाई कुरापाटी भांडायला आल्या नव्हत्या.
पदराला तंबाखूचा वास, अंगठ्याला कात्रीचा घट्टा.
"एकशे चौदा पानं हायेत म्हणे फायलीत.
पानाला पंचवीस मागायलालेत.
तुमच्याकडं दोन. त्यांचा कागद येगळा असतोय काय ओ?"

कागद तोच. रीम एकाच टेम्पोतून उतरतात.

त्यांनी हिशेब तेलुगूत केला,
मला फक्त ओठ हलताना दिसले.
दोन हजार आठशे पन्नास,
म्हणजे पंधरवड्याच्या विड्या.
कारखान्यात तर पान तोलून देतात,
विडी कमी भरली की मजुरीतून कापतात,
फाटकं निघालं तरी ते तुमच्याच नावावर.
"पानांनीच खाल्लं बघा आमाला."
म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

नवरा यंत्रमागावर. छत्तीस वर्षं टॉवेल.
त्याच्या छातीत काय साठलं होतं
ते फायलीत आहे,
आणि विम्याच्या माणसाला फाईल पाहिजे.

मागे एका वकिलानं नियमांच्या प्रती काढल्या होत्या.
एक वाकडी आली, ती मी ठेवून घेतली.
तिच्या पाठीवर आमच्या दुधाचा हिशेब.
शोधून वाचली.
बहात्तर तासांत कागद द्यावेत, हे ठणठणीत लिहिलंय.
पैशाचं आलं की मजकूर लाजतो:
योग्य ते शुल्क.
योग्य.
मशीनवर ठेवून शब्द मोठा करून बघितला,
दीडशे टक्के, मग दोनशे,
आतून आकडा काही निघाला नाही.

ती प्रत घेऊन त्या गेल्या.
काउंटरवरच्या बिराजदारनं आधी दुधाची बाजू वाचली,
एकोणीस तारखेला खाडा आहे म्हणाला.
मग उलटली.
अंबूबाई म्हणाल्या, पंचवीस देते की,
पावती द्या,
पावतीवर लिहा, हे पैसे योग्य हायेत,
आणि खाली सही करा.

बिराजदार साहेबांकडे गेला.
साहेब मोठ्या साहेबांकडे.
पेन सगळ्यांच्या खिशाला होतं.
दोन दिवस त्या बाकावर बसून राहिल्या,
सोबत आणलेली पानं कापत.
तिसऱ्या दिवशी, बहात्तर तासांना थोडी कसर असताना,
फाईल आली. पानामागे तीन.
सहीबिही कुणी केली नाही.

विम्यासाठी अजून एक संच, म्हणून माझ्याकडे आल्या.
मी एकेक पान काचेवर ठेवत गेलो.
त्रेसष्टावं कोरं निघालं.
त्याचेही तीन घेतले होते. आम्ही दोघांनी ते उन्हात धरून पाहिलं,
काही नव्हतं.

सगळी इंग्रजी. एक सोडून.
रात्रपाळीच्या कुण्या सिस्टरनं, इंग्रजीचा कंटाळा आला असेल,
किरट्या अक्षरात:
पहाटे ३.१०. पेशंट जागा आहे.
खाली बायको बसली आहे तिला घरी पाठवा म्हणतो,
सकाळी विड्या जमा करायच्या आहेत.

त्यांना मराठी वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.
"परत वाचा."
वाचलं.
"कुणी सांगायला आलंच नाही की ओ," एवढंच.
मग: "ह्याचं अजून एक काढा. येगळं."

पैसे घेऊ नयेत असं माझ्या मनात येईपर्यंत
त्यांनी दोनाचं नाणं काचेवर ठेवलं होतं,
आणि माझं लक्ष कुठं होतं कोण जाणे,
मी झाकण पाडलं, बटण दाबलं.

प्रतीच्या कोपऱ्यात नाणं आलं,
काळं, गोल, आकड्यासकट.
दुसरं काढून देतो म्हणालो.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या,
आणि घडी न घालता घेऊन गेल्या.