मऊ गोटे

बोहेमियातल्या एका कुरणावर
शनिवारी साडेदहाला पंधरावं शतक सुरू होतं,
सॉसेजच्या टपरीपासून पन्नास पावलांवर.

आम्ही गोफणवाले सहाजण.
यादीत आमचं नाव शेवटी,
रस्सा ढवळणाऱ्या बायकांच्याही खाली.
मी एरवी दातांची डॉक्टर.
आज तागाचा अंगरखा, कमरेला दोरी.

व्रातिस्लाव तपासायला येतो.
गळ्यात शिट्टी, अंगात पिवळं जाकीट.
एकेक गोटा दाबून बघतो,
पाव ताजा आहे का बघावं तसा.
लोकरीचा गोळा, पोटात भुसा, वरून चार टाके.
"याहून जड काही?"
नाही, म्हणते मी.

खिशात तळ्याकाठचा एक गोटा असतो.
अंड्याएवढा. पाण्याने घासून घासून गुळगुळीत केलेला.
फेकायला नव्हे.
नुसता असतो.

हिनेक ऐंशीचा. पोरवयात मेंढरांमागे
डोंगरभर हिंडलेला.
त्यानेच शिकवलं : बोटात फास, चिमटीत दुसरं टोक,
एकच वळसा, फार गरगरा नाही.
सोडायचं कधी, ते मनगटाला ठाऊक असतं.
डोक्याला विचारायला गेलीस
की गोटा तुझ्याच माणसांत.

तुतारी झाली. गाड्यांच्या भिंतीआडून आम्ही उठलो.
समोर च्तिबोर, सव्वीस किलो पोलादात,
पोलादाच्या आत विमा विकणारा भला माणूस.
माझा गोळा सुटला,
त्याच्या शिरस्त्राणावर बसला. टप्प.
नियम असा, की डोक्याला लागलं की मरायचं.

तो चालतच राहिला.

"लागलं!" मी ओरडले.
"काय लागलं?"

रात्री बिअरचा पेला हातात घेऊन तो हसला,
लोकरीने कुणी मरतं का, बाई?
गोफण म्हणजे पाखरं हाकायचं काम.
हिनेकने उत्तर दिलं नाही. पाईप झटकला.
मग च्तिबोरनेच गाडीतून आणलं
पहिल्या वर्षीचं जुनं शिरस्त्राण,
आणि माणसं मागे सारून, कुंपणाच्या खांबावर ठेवलं,
मजेत, पाहुण्याला खुर्ची द्यावी तसं.

खिसा हलका झाला.
सूं — एवढंच. गोटा कुणालाच दिसला नाही.
मग आवाज, देवळाची घंटा तडकावी असा.

च्तिबोर आत अंगठा घालून बघत होता.
गालाच्या जागी पत्रा आत गेलेला,
अंगठ्याच्या पेरभर.
मी सवयीने मोजत होते :
वरचा सुळा, शेजारच्या दोन दाढा,
जबड्याचा सांधा. सहा आठवडे पातळ पेज.
कुणी बोललं नाही. टपरीवाल्याने दिवा मालवला.

रविवारी पुन्हा तुतारी.
मी हात उचलला तोच तो पडला.
गोळा अजून हवेत होता,
त्याच्या पुढ्यात गवतात येऊन निमूट बसला.

लढाई संपल्यावर गोळे वेचत गेले,
तर मेलेल्याने एक डोळा उघडला.
"नीट मेलो ना?"
"जरा लवकर," म्हटलं मी.
"चालेल," म्हणाला, आणि डोळा मिटला.

तो दगड मी शोधला नाही.
सोमवारी पहिलाच पेशंट आठ वर्षांचा,
सायकलवरून पडलेला.
तोंड उघड, म्हटलं,
आणि आरसा धरायच्या आधी
माझा हात क्षणभर खिशाशी गेला.